निसर्गचित्राला नावे ठेवताना

दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयात छायाचित्रांचे एक लहानसे प्रदर्शन भरले होते. एका वर्गाच्या भिंतींवर टाचण्या मारून आम्ही तीसेक चित्रे लावली होती. त्यांत बहुतेक निसर्गदृश्येच होती. आमच्या भागातला विद्यार्थी हाती कॅमेरा आला की प्रथम डोंगराकडे वळतो, कारण डोंगर नाही म्हणत नाही. त्या भिंतीवर माझ्या एका वर्गमित्राचे चित्र होते. लिंबाचे झाड, विहिरीचा कठडा आणि मागे मावळता, लालभडक सूर्य. ते पाहून मी चारचौघांत म्हणालो, "असले सूर्यास्त वाण्याच्या कॅलेंडरवर पैशाला पासरी मिळतात." सगळे हसले. तोही हसला. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाला त्याने एकही चित्र दिले नाही.

त्या वाक्याने मी काय केले, हे कळायला मला बराच काळ लागला. तो काळ आणि त्यात शिकलेल्या चार गोष्टी हाच या लेखाचा विषय आहे.

आपल्या भाषेत 'नावे ठेवणे' हा वाक्प्रचार दोष काढण्यासाठी वापरतात. वास्तविक बारशाला आपण नाव ठेवतो तेव्हा मूल नीट निरखून, मांडीवर घेऊन ठेवतो. 'टीका' या शब्दाचेही असेच झाले आहे. आज टीका म्हटले की माणूस कपाळाला आठ्या घालतो. पण मुळात टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखवणे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच. आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी गीतेवर 'गीतार्णव' रचला, तो सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. मूळ श्लोक सातशे. सातशे श्लोकांपुढे इतका वेळ बसून राहणारा माणूस टीकाकार म्हणवून घेत होता, आणि मी त्या चित्रासमोर दहा सेकंदही उभा राहिलो नव्हतो.

छायाचित्रे एकमेकांना दाखवून त्यांवर बोलायची रीत आपल्या राज्यात काही नवी नाही. फ्रान्समध्ये छायाचित्रणाची कला १८३९ साली जाहीर झाली आणि पंधराच वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळात होते. सभासदांनी आपापली चित्रे आणावीत, इतरांनी ती पाहावीत, रसायनांची आणि काचांची चर्चा व्हावी, अशा हेतूने या संस्था निघत. छायाचित्रकार एकटा काम करतो, पण शिकतो मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी, हे त्या काळच्या मंडळींना ठाऊक होते.

त्यातही निसर्गचित्राची गोष्ट थोडी अवघड आहे. माणसाचा फोटो बिघडला तर तो माणूसच येऊन भांडतो, "माझे नाक असे आहे का?" डोंगर भांडायला येत नाही. शिवाय पाहणाऱ्याची एक फसगत होते. जागा सुंदर असली की चित्रही सुंदर आहे असे त्याला वाटते, आणि जागा ओसाड असली की चित्राला काही अर्थ नाही असे वाटते. म्हणून महाबळेश्वरच्या चित्राला टाळ्या मिळतात आणि केज तालुक्यातल्या माळाचे चित्र दाखवले की लोक विचारतात, "यात काय आहे?" मी नांदूरघाटचा. बालाघाटच्या रांगांचा हा मुलूख आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर बसून हे डोंगर झाले, म्हणून त्यांचे माथे सपाट आहेत. हिमालयासारखे शिखर नाही, कोकणासारखी हिरवळ नाही. अशा जागेचे चित्र काढणाऱ्याला "छान" या शब्दाचा काही उपयोग नसतो आणि "यात काय आहे?" या प्रश्नाचाही नसतो. दोन्हींत बोलणाऱ्याने चित्र पाहिलेले नसते.

गेल्या वर्षी आम्ही सहासात जण शनिवारी दुपारी एका रिकाम्या वर्गात जमू लागलो. पहिले दोन शनिवार मोबाईलवरच चित्रे दाखवण्यात गेले. प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड वेगळा, रंग वेगळा, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर डोंगर काय नि ढेकूळ काय, सारखेच. मग ठरवले की चित्र कागदावर छापून आणायचे आणि भिंतीला लावायचे. दुसरे असे ठरले की पहिली दहा मिनिटे ज्याचे चित्र असेल त्याने एक अक्षर बोलायचे नाही. इतरांनी चांगले-वाईट म्हणायचे नाही. नजर प्रथम कुठे गेली, मग कुठे वळली, कुठे अडकली, एवढेच सांगायचे. हे ऐकायला पोरकट वाटते. पण करून पाहिल्यावर असे दिसले की पाचांपैकी चौघांची नजर एकाच ठिकाणी जाते आणि ते ठिकाण चित्रकाराच्या ध्यानीमनीही नसते. एकाने पाझर तलावाचे चित्र आणले होते. आम्ही सगळे कोपऱ्यातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीकडे पाहत होतो. त्याला ती पिशवी त्या दिवशीच दिसली.

दहा मिनिटे झाली की एक प्रश्न विचारायचा: तुला काय दाखवायचे होते? या प्रश्नाआधी दिलेली कोणतीही सूचना वाया जाते, कारण दुरुस्ती कशाची करायची हेच ठरलेले नसते. ज्याला एकाकीपणा दाखवायचा आहे त्याला "इथे एखादा माणूस हवा होता" असे सांगणे म्हणजे उपाशी राहणाऱ्याला उपासाच्या दिवशी जेवण वाढण्यासारखे आहे.

या बैठकांत मला सर्वांत जास्त शिकवले ते माझ्याच एका चित्राने. घाटाच्या उतारावरची शेते मी सकाळी टिपली होती. एका स्पर्धेत ते चित्र मी पाठवले होते, तिथून शेरा आला: क्षितिज कललेले आहे, सरळ करावे. मला राग आला. क्षितिज कललेले नव्हतेच, ती जमीनच उताराची आहे! मी तावातावाने हे आमच्या मंडळींना सांगितले. तेव्हा एक मुलगी शांतपणे म्हणाली, "पण मलाही ते कललेलेच वाटते." मग आम्ही बसून पाहिले. चित्रात शेते होती, डोंगराची कड होती, आणि उभे असे काहीच नव्हते. विजेचा खांब नाही, झाडाचा सरळ बुंधा नाही, साचलेले पाणी नाही. डोळा तिरप्या रेषेला क्षितिज समजत होता, कारण त्याला ओळंबा कुठेच मिळत नव्हता. परीक्षकाने सांगितलेला उपाय चूक होता. तसे चित्र फिरवले असते तर खरोखरीचा उतार सपाट झाला असता. पण त्याला जे खटकले ते खरे होते. पुढच्या खेपेला मी वीस पावले डावीकडे सरकलो, विजेचा एक खांब चौकटीत घेतला, आणि त्याच तिरप्या शेतांचा उतार आपोआप उतार म्हणून दिसू लागला.

तेव्हापासून मी शेऱ्याचे दोन तुकडे करतो. खटकलेली जागा हा एक आणि सुचवलेला उपाय हा दुसरा. पहिला तुकडा जवळजवळ नेहमी ठेवून घ्यावा. दुसरा आपल्याला पटला तरच घ्यावा. जागेवर आपण उभे होतो, तो नव्हता.

नियमांचेही तसेच. चौकटीचे तीन भाग करावेत आणि क्षितिज एक-तृतीयांशावर ठेवावे, हा नियम आज प्रत्येक नवशिक्या दुसऱ्या नवशिक्याला ऐकवतो. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण दृश्यांवरच्या आपल्या पुस्तकात तो मांडला. तेथील कुंपणे, झोपड्या आणि झाडी डोळ्यांपुढे ठेवून काढलेला तो आडाखा आहे, वेदवाक्य नव्हे. "क्षितिज मध्यावर आहे" असे म्हणणे ही टीका नाही, ते मोजमाप झाले. मध्यावर असल्याने काय बिघडले, आकाश आणि जमीन एकमेकांशी भांडू लागली का, हे सांगितले तर चित्रकाराच्या हाती काही लागते.

प्रकाशाबद्दलचा शेरा मात्र आमच्या भागात बहुधा खराच निघतो. आमच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच जिरते. सावलीच नाही तर नांगरटीची सरी दिसणार कशी? तेच शेत सकाळी सातला, तिरप्या उन्हात, एकेका ढेकळासह उठून दिसते. "चित्र सपाट वाटते" असे कोणी म्हटले तर कॅमेऱ्याला दोष देण्यापूर्वी घड्याळ आठवावे.

इथवरची टीका छायाचित्र जाणणाऱ्यांची झाली. आता न जाणणाऱ्याची सांगतो.

माझे चुलत आजोबा, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, त्यांनी आयुष्यात कॅमेरा हाती धरलेला नाही. एका एप्रिलमध्ये मी काळ्या रानातल्या भेगांचे चित्र काढले. जमिनीलगत कॅमेरा ठेवून, एकेक भेग हातभर रुंद दिसेल अशा बेताने. खाली नाव दिले 'दुष्काळ'. आमच्या मंडळींत त्याचे कौतुक झाले. मोठ्या उत्साहाने मी ते आबांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, चित्र उन्हात नेऊन पाहिले आणि म्हणाले, "ह्या भेगा तर सुगीच्या सालीबी पडत्यात, लेकरा. यात दुष्काळ कुठं हाय?"

मी निरुत्तर झालो. काळ्या जमिनीतली माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. दर उन्हाळ्यात तिला भेगा पडणारच. उलट, जुने शेतकरी म्हणतात की त्या भेगांतूनच पहिल्या पावसाचे पाणी खोल जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा धरणाच्या तळाला पडलेल्या भेगा वेगळ्या होत्या; जिथे पाणी असायला हवे तिथे त्या होत्या. शेतातली भेग तसे काही सांगत नाही. मी वर्तमानपत्रांत पाहिलेले चित्र आपल्या रानात शोधले होते आणि ते सापडल्याचा आनंद मानला होता. बीड म्हटले की भेगा, भेगा म्हटले की दुष्काळ, हे समीकरण बाहेरच्यांनी केले म्हणून आपण तक्रार करतो. इथे मी स्वतःच ते गिरवत बसलो होतो.

"मग दुष्काळ कशात दिसतो, आबा?" मी विचारले.

"कडब्याची गंज बघ कुणाच्या दारात किती हाय ती. दावणीला जनावरं किती उरल्यात ते मोज. आन् दिवाळी झाली की गावातली कुलपं मोज."

एवढ्या नेमक्या सूचना मला त्यापूर्वी कोणी दिल्या नव्हत्या. कुठे उभे राहायचे आणि कोणत्या महिन्यात, हेही त्यांत आले. नंतर मी त्यांना आणखी चित्रे दाखवू लागलो. माघातल्या ज्वारीचे एक चित्र त्यांनी नुसते बाजूला ठेवले. "ही आपल्याकडची नव्हं. माघात जवारी एवढी हिरवी असती व्हय?" मी पुन्हा रानात जाऊन पाहिले. पाने पिवळी पडू लागली होती, खालची तर पार वाळली होती. हल्लीचे मोबाईल हिरव्याला आपल्या मनाने अधिक हिरवे करतात, निळ्याला अधिक निळे. त्यांना कोणी सांगितलेले असते की लोकांना हेच आवडते. तो खोटेपणा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. ज्याने सत्तर वर्षे ज्वारी पाहिली त्याच्या क्षणात आला. निसर्गचित्रावर मत घ्यायचे तर एक मत कॅमेरा जाणणाऱ्याचे घ्यावे आणि एक ती जमीन कसणाऱ्याचे. दुसरे मत मिळवायला सोपे, पण मागायला आपण लाजतो.

"तुला काय दाखवायचे होते?" हा प्रश्न माणसाने स्वतःलाही विचारता येतो. अमेरिकेतले अॅन्सेल अॅडम्स हे निसर्गछायाचित्रणातले फार मोठे नाव. १९२७ च्या एप्रिलमध्ये ते योसेमिटी खोऱ्यातल्या हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर उभे होते. प्लेटा संपत आल्या होत्या. भिंगावर पिवळी काच लावून त्यांनी एक प्लेट घेतली आणि तत्क्षणी त्यांना जाणवले की आकाश नेहमीसारखे फिकट येणार, कड्याचा जो दरारा आपल्याला वाटतो आहे तो येणार नाही. उरलेल्या प्लेटेवर त्यांनी गडद लाल काच वापरली. आकाश जवळपास काळे झाले आणि कडा अंगावर आला. 'मोनोलिथ' हे ते चित्र. १९४१ सालच्या 'मूनराइज' या चित्राची तर ते पुढे अनेक वर्षे पुन्हापुन्हा छपाई करीत राहिले. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात ढग दिसतात, नंतरच्या प्रतींत आकाश काळेभोर आहे. निगेटिव्ह एकच. एवढा मोठा माणूस आपल्या चित्राला इतकी वर्षे नावे ठेवत होता, तर आपण एका शेऱ्याने का रुसावे, असा विचार मनात येतो.

रुसण्यापेक्षा घातक आहे ते समर्थन. "त्या दिवशी धुके होते", "मी पाच किलोमीटर चालत गेलो", "तिथून पुढे जाता येत नव्हते" ही सारी वाक्ये मी बोललेलो आहे. पाच किलोमीटर चालल्याचा घाम कागदावर उमटत नाही. म्हणूनच ती दहा मिनिटांची मुकी शिक्षा मला आता गोड वाटू लागली आहे. तोंड बंद असले की कान उघडे राहतात, आणि शेरे वहीत लिहून घेतले तर हातालाही काम मिळते. त्याच रात्री चित्राला हात मात्र लावू नये. चार दिवसांनी वही उघडावी. निम्मे शेरे तोवर आपोआप गळून गेलेले असतात.

आता त्या वर्गमित्राकडे वळतो. हे सारे शिकत असताना त्याचे ते चित्र मला वारंवार आठवे. शेवटी गेल्या दसऱ्याच्या आधी मी त्याच्या गावी गेलो. विषय काढायला धीर होईना, चहा झाला, मग मीच म्हणालो, "त्या दिवशी मी फार वाईट बोललो." तो आत गेला आणि ते चित्र घेऊन आला. जपून ठेवले होते. म्हणाला, "इथं खाली बघ."

विहिरीच्या कठड्याच्या बुडाशी, जिथे मला नुसता काळोख दिसला होता, तिथे नीट पाहिल्यावर काही आकार होते. एक पत्र्याची पेटी, बांधलेले अंथरूण, एकात एक घातलेली पातेली, आणि त्यांच्याशेजारी बसलेली एक बाई. त्याची आई. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक येणार होता. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि ते ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघाले होते. आमच्याकडे नवराबायकोच्या अशा जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराने होते. पाचसहा महिने तो आणि त्याची आजी एवढीच घरी राहणार होती. त्याला सूर्यास्त काढायचाच नव्हता.

मी माफी मागितली. त्यावर तो जे म्हणाला ते मी अजून विसरलेलो नाही. "मला राग नव्हता रे. मला वाटलं, तुला दिसलं नाही म्हणजे ते फोटोत आलंच नाही. मग कशाला काढायचे फोटो?"

त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. ते फोटोत आले नव्हते. कॅमेऱ्याला एकाच वेळी सूर्य आणि सावली दोन्ही पेलत नाहीत. सूर्य चौकटीत असला की उजेडाचा सगळा हिशोब त्याच्या बाजूने होतो आणि जमीन काळी पडते. मी त्या दिवशी पाच मिनिटे थांबून एक प्रश्न विचारला असता, तर सांगता आले असते की तुझा विषय अंधारात राहिला आहे. सूर्याला चौकटीबाहेर काढ, दहा पावले पुढे जा, आणि सूर्य बुडाल्यावर थांब. आमच्याकडे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांचाच, पण त्यात आकाश आणि जमीन यांच्या उजेडातले अंतर कमी होते, पातेल्याची कड चमकते, चेहरा दिसू लागतो. हे सारे त्याला दोन वर्षांपूर्वी मिळायला हवे होते. त्याऐवजी त्याला कॅलेंडर मिळाले.

दिवाळीनंतर त्याचे आईवडील पुन्हा निघाले. त्या संध्याकाळी त्याने सूर्य पूर्ण बुडू दिला. पुढच्या शनिवारी तो प्रथमच आमच्या वर्गात आला, चित्र भिंतीला लावले आणि नियमाप्रमाणे गप्प उभा राहिला. पाचही जणांची नजर प्रथम पेटीवर गेली, मग आईच्या हातावर, मग मागच्या लिंबाच्या झाडाकडे. मी काही बोललो नाही. मी लिहून घेत होतो. नंतर ते चित्र आबांना दाखवले, तर त्यांनी एवढेच विचारले, "हे कुणाकडचे? औंदा लवकर निघाले म्हणायचे."

चित्राच्या उजव्या कडेला विजेचा एक खांब अर्धवट आला आहे. तो कापून टाकावा की ठेवावा यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. तिघे म्हणतात कापावा. तो म्हणतो, त्या खांबावरचा दिवा आजी रात्रभर चालू ठेवते.